गाळलेलं वाक्य

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी काकांनी माझ्या हातात एक तपकिरी बाटली ठेवली आणि म्हणाले, “वाच.”

मी वाचलं. “सोडियम थायोसल्फेट.”

“नक्की?”

“असंच लिहिलंय.”

“पुन्हा वाच. अक्षर अक्षर.”

एम.एस्सी. होऊन आलेल्या मी पहिलीतल्या मुलीसारखी सगळी इंग्रजी अक्षरं एकेक करून म्हणून दाखवली. काचसामान धुणारे रमणभाई नळाकडे तोंड करून हसू दाबत होते. माझं झाल्यावर काकांनी त्यांनाही बोलावलं आणि तीच बाटली त्यांच्याकडूनही वाचून घेतली. मग मान हलवून म्हणाले, “आता वापर.”

काका गेल्यावर रमणभाई म्हणाले, “बेन, काका तो एवाज छे.” काका हे असेच आहेत. पुढची दोन वर्षं हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. आणि ‘असे’ म्हणजे नक्की कसे, हे मात्र मला कोणी सांगू शकलं नाही. आज इतक्या वर्षांनी मलाही नीट सांगता येईल असं नाही.

कारखाना शहराबाहेर, नंदेसरीला होता. औषधांना लागणारी कच्ची रसायनं आम्ही बनवायचो. नव्वदनंतरची ती वर्षं. परदेशी गिऱ्हाइकं यायला लागली होती, मॅनेजरसाहेबांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसलं होतं, आणि प्रयोगशाळेत पहिल्यांदाच एका मुलीला नेमलं होतं, ती मी. काका, सगळे त्यांना काकाच म्हणायचे, तिथले सर्वांत जुने केमिस्ट. निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशा. आजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत होते, ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगायचेच. कोणी विचारलं की प्रत्येक कागद दुसऱ्याकडून का वाचून घेता, तर म्हणायचे, “आमच्या घराण्यात हुकूम दुसऱ्यानं वाचायचा असतो. आपण फक्त ऐकायचा.”

तो त्यांचा नियमच होता. दोन माणसांनी मोठ्यानं वाचल्याशिवाय कुठलीही बाटली उघडायची नाही. मॅनेजरसाहेबांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो सगळ्या कारखान्याला लावला.

बाकीच्या सवयींचा असा काही उपयोग नव्हता. त्यांच्याबरोबर चालताना त्यांच्या डाव्या हाताला राहायचं. चुकून उजवीकडून कोणी गेलं तर ते दचकायचे आणि चिडायचे, “चोरासारखा काय येतोस?” जेवायला बसले की डबा उघडून म्हणायचे, “आज भाजी दिलीच नाही हिनं.” मग डबा गोल फिरवायचे आणि म्हणायचे, “आहे, आहे. लपून बसली होती.” हे रोज. आम्हाला वाटायचं, काका विनोद करतात. आम्ही रोज हसायचो.

टायट्रेशनमध्ये थेंब थेंब द्रावण सोडताना रंग बदलला की ते अचूक थेंबाला थांबायचे. त्यांच्याइतका नेमका हात मी पुढं कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिला नाही. ब्युरेटच्या काचनळीवरचा आकडा झटकन सांगायचे. पण रंगाचं नाव कधी उच्चारायचे नाहीत. “झाला,” एवढंच म्हणायचे. “कुठला झाला ते तू लिही.”

आणि त्यांचं अक्षर! मोत्यासारखं. कारखान्यातल्या सगळ्या चाचण्यांच्या पद्धती त्यांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहून काढल्या होत्या. लिहायला बसले की एका दमात पान संपवायचे. मध्ये फोन वाजला, कोणी हाक मारली, की लिहिलेला कागद टरकावून टाकायचे आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात करायचे. एकदा शेवटच्या ओळीला आलेले असताना मी काहीतरी विचारलं. त्यांनी आख्खं पान फाडलं. मी म्हटलं, “काका, अहो दोनच शब्द राहिले होते!” तर माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही.

सकाळची कंपनीची बस न्यायमंदिरासमोरून सुटायची. मी दांडिया बाजारातून चालत यायचे. काका उजवीकडच्या खिडकीला बसलेले असायचे, मला शेजारची जागा ठेवायचे आणि पेपर माझ्या मांडीवर टाकायचे. नंदेसरी येईपर्यंत मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. ऐकताना त्यांचं बोट सारखं गुडघ्यावर हलत असायचं. बसमधल्या लोकांना वाटायचं, काका जप करतात. मला वाटायचं, ही म्हातारपणाची चाळवाचाळव. मला एकंदर ते गर्विष्ठ वाटायचे. सगळ्या जगानं आपल्याला वाचून दाखवावं अशी अपेक्षा ठेवणारे.

पण मग ती ड्रमची गोष्ट घडली आणि माझा गोंधळ आणखी वाढला. नेहमीच्या पुरवठादाराकडून मिथेनॉलचे ड्रम आले होते. लेबल स्वच्छ, शिक्का बरोबर, कागद बरोबर. मी वाचलं, रमणभाईंनी वाचलं. खाली बॅच थांबलेली, सुपरवायझर दारात उभा. काका म्हणाले, “प्रत्येक ड्रममधून नमुना काढ. घनता बघायची.” सुपरवायझर वैतागला. म्हणाला, “काका, लेबल दिसत नाही का?” काका म्हणाले, “दिसतंय की. म्हणूनच म्हणतोय, नमुना काढ.”

तिसऱ्या ड्रमची घनता भलतीच निघाली. आत दुसरंच काहीतरी होतं. ते बॅचमध्ये पडलं असतं तर निदान रिॲक्टर तरी हातचा गेला असता, आणि त्या पाळीत खाली सहा माणसं होती. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर काकांचा हात हातात घेतला. लेबल वाचणारे आम्ही सगळे त्यावर विसंबून मोकळे झालो होतो.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्या टेबलावरून एक चिठ्ठी उचलली. त्यांच्याच अक्षरातली. “दुपारी चारला वाफेचा दाब तपासणे,” असं काहीतरी. चार वाजून गेले होते. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, जराशी लांब केली, आणि विचारलं, “कोणी लिहिलंय हे?”

मला वाटलं, चेष्टा. “तुम्हीच, काका.”

“मी?” ते म्हणाले. “काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं. ते उठून दाब बघायला गेले. मी तिथंच उभी राहिले. आपलं स्वतःचं अक्षर माणसाला ओळखू येत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरतच नव्हती.

संक्रांतीनंतर काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. घडियाळी पोळेत, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, त्यांचं घर, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, घरात दोघंच. काका बाहेर गेले होते. बाकीच्या बायका गेल्यावर काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि तिळगुळाचा डबा बंद करता करता एकदम म्हणाल्या, “तुला कळलं असेलच ना गं? रोज तूच तर वाचतेस.”

“काय?”

“त्यांना वाचता येत नाही.”

मी हसले. मला वाटलं, नवऱ्याची तक्रार करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. काका नेहमीसारखे तयार होऊन सकाळी बसला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. म्हणाले, आज बस आलीच नाही. पण खालच्या मजल्यावरचा माणूस त्याच बसनं गेला होता. काकूंनी खोदून विचारल्यावर सांगितलं, बसेस चार-पाच आल्या, पण आपली कुठली ते कळेना. काचेवर नाव होतं. पण ते नाव नव्हतं, नक्षी होती. येताना मांडवीपर्यंत सगळ्या दुकानांच्या पाट्यांवर तशीच नक्षी.

“मोठ्या दवाखान्यात नेलं,” काकू म्हणाल्या. “डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या मागच्या बाजूला बारीकशी गुठळी झाली. डोळे चांगले आहेत, पण उजवीकडचं अर्धं दिसत नाही. आणि वाचायचं गेलं. मराठी, गुजराती, इंग्रजी, सगळं एका दिवसात. आकडे राहिले. लिहिणंही राहिलं. लिहायचा रस्ता वेगळा असतो म्हणे आणि वाचायचा वेगळा. मी डॉक्टरांना म्हटलं, असं कुठं असतं का? स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येत नाही? तर म्हणाले, असतं.”

“आणि रंग?” मी विचारलं.

“नावं गेली. साडी नेसून पुढं उभी राहिले तर आवडली का एवढं सांगतात. रंग सांगत नाहीत.”

महिन्याभरानं पाठ दुखत होती असं सांगून काका कामावर रुजू झाले. कोणाला सांगायचं नाही अशी काकूंना शपथ घातली. बाटल्या दोघांनी वाचायचा नियम त्याच आठवड्यात निघाला.

मी उठले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू? मला अजून कळत नाही, यात आजार किती आणि हट्ट किती. भावाशी भांडण झालं तेव्हा या माणसानं वर्षभर मीठ खाल्लं नव्हतं. डॉक्टरांचं ऐकते तेव्हा पटतं. घरी आले की वाटतं, उद्या सकाळी उठतील आणि पेपर वाचायला घेतील.”

सोमवारी बसमध्ये मी पेपर उघडला तशी काका म्हणाले, “बोलली ना ती तुझ्याशी?”

“हो.”

“मग आता लगेच वाचू नकोस. मथळा मला दे.”

त्यांनी पेपर धरला. एकेका अक्षरावर नजर ठेवून त्याची वळणं ते बोटानं गुडघ्यावर गिरवत होते. डोळ्यांना जे कळत नव्हतं ते हाताला कळत होतं. हात गिरवायचा आणि मग तोंडातून अक्षर यायचं. पुढचं अक्षर. मग पुढचं. मागचं विसरायला झालं की पुन्हा पहिल्यापासून. तो जप नव्हता, तीन वर्षांची बाराखडी होती. वाटेतली छाणी येईपर्यंत एक मथळा झाला. चार शब्दांचा. कपाळावर घाम आला होता आणि चेहरा मात्र पैज जिंकल्यासारखा.

“शब्दाचं शेपूट मी कधीकधी अंदाजानं लावतो,” ते म्हणाले. “चुकलं तर सांगायचं. दया करायची नाही.”

मी ‘हो’ म्हटलं. पण मला धड सुचत नव्हतं. विषारी रसायनांच्या प्रयोगशाळेत लेबल न वाचता येणारा माणूस, आणि हे माहीत असणारी एकटी मी. सांगावं तर या माणसाचं सगळं जाणार. न सांगावं तर? दुसरीकडे हेही दिसत होतं की त्यांच्या त्या नियमामुळे आमच्याइतकी सावध प्रयोगशाळा आख्ख्या नंदेसरीत नसेल. मी गप्प राहिले. ते बरोबर होतं की नाही, ठाऊक नाही.

मग आयएसओचं वारं आलं. ते प्रमाणपत्र असल्याशिवाय परदेशी गिऱ्हाईक माल घेणार नव्हतं. कारखाना रंगवला, झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू लावला. तपासणीसाठी मुंबईहून एक ऑडिटर आले. तरुण, नम्र, टाय लावलेले. प्रयोगशाळेत त्यांनी पद्धतींची फाईल चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि एक पान उघडून काकांपुढे धरलं. “आपने ही लिखा है ना? चौथा पॉइंट पढ़िए.”

काकांचा हात खिशात गेला. खिशात बोट हलताना मला दिसत होतं. मग त्यांनी घडाघड चौथा मुद्दा म्हटला. सगळ्या पद्धती त्यांना पाठ होत्या. फक्त समोरचं पान दुसऱ्याच पद्धतीचं होतं.

“ये नहीं लिखा है,” ऑडिटर म्हणाले.

मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, त्यांचा चष्मा घरी राहिलाय.”

चष्मा काकांच्या नाकावर होता.

रमणभाईंनाही हसू आवरलं नाही. ऑडिटर हसले. एकटे काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून हात काढला, ताठ उभे राहिले आणि मॅनेजरसाहेबांना गुजरातीत म्हणाले, “साहेब, मने वांचतां नथी आवडतुं. मला वाचता येत नाही. तीन वर्षं झाली.”

“काका, मश्करी ना करो,” साहेब म्हणाले. अहो, चेष्टा पुरे.

“मश्करी नाही.”

साहेबांनी एक कोरा कागद पुढे केला. “असं? मग लिहा यावर, मला वाचता येत नाही.” काकांनी लिहिलं. तेच ते मोत्यासारखं अक्षर. साहेबांनी कागद त्यांच्यापुढे नाचवला. “काय लिहिलंय?”

“मला वाचता येत नाही, असं लिहिलंय.”

“मग हे कसं वाचलंत?”

“वाचलं नाही. आत्ताच मी लिहिलं, म्हणून माहीत आहे.”

आता तर कोणालाच काही कळेना. ऑडिटरनी वहीत काहीतरी नोंद केली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी काकांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. आकड्यांचा तक्ता त्यांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचला. अक्षरांच्या तक्त्यापुढे गप्प उभे राहिले. काकांनी मोठ्या दवाखान्यातली फाईल नेली होती, पण या डॉक्टरांनी ती उघडलीच नाही. म्हणाले, नजर उत्तम आहे, मनात काहीतरी असेल.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. म्हणाले, “बेन, तू रोज बसमध्ये त्यांच्या शेजारी बसतेस. एकच सांग. ते वाचतात की नाही?”

मी काय सांगणार होते? ‘नाही’ म्हटलं तर प्रयोगशाळेतून काढतील. ‘हो’ म्हटलं तर खोटारडे ठरतील. आणि खरं दोन्हीच्या मध्ये कुठंतरी होतं. मी म्हटलं, “वाचतात, सर. पण बोटानं.”

“म्हणजे वाचतात.”

“खूप हळू. एक मथळा छाणीपर्यंत—”

“वाचतात ना पण?”

“हो, सर.”

आठवड्यानं काकांना पत्र आलं. बसमध्ये त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. “इंग्रजी आहे. काकूला यायचं नाही. तू वाच.”

मी वाचायला लागले. आपण ऑडिटरसमोर कंपनीची दिशाभूल केलीत. वैद्यकीय तपासणीत दृष्टी निर्दोष आढळली. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: आपल्या शेजारी प्रवास करणाऱ्या सहकारी केमिस्ट यांनी आपण दररोज वर्तमानपत्र वाचता असे सांगितले आहे. पुढं माझं नाव.

मी ते वाक्य गाळलं. आवाज न बदलता पुढच्या वाक्यावर गेले. सबब, आपली बदली भांडार विभागात करण्यात येत आहे.

भांडार! जिथं दिवसभर लेबलं आणि चलनं वाचण्याशिवाय दुसरं काम नाही. हा माणूस वाचू शकतो असं ठरवल्यावर त्यांनी त्याला वाचायच्या कामावर धाडलं होतं. काकांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, “छान वाचतेस.”

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पेपर उघडण्याआधी त्यांनी तेच पत्र काढलं. घड्यांवर मऊ पडलं होतं. “रोज सकाळी थोडं थोडं वाचलं,” ते म्हणाले. “आजवर एवढं मोठं काही वाचून झालं नव्हतं. फक्त एक भानगड आहे. तिसऱ्या परिच्छेदात मला एक वाक्य जास्तीचं लागतंय. तू वाचलंस त्यात ते नव्हतं.”

मी पेपर उगाच उघडला.

“तुझं नाव लागतंय त्यात,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. होती ती काळजी, आणि तीच मला सहन होईना. “तूच सांग. हे डोकं आता स्वतःच्या पदरची वाक्यं घालायला लागलंय का? तसं असेल तर कठीण आहे. मग कशावरच भरवसा ठेवता यायचा नाही.”

पत्र त्यांनी माझ्यापुढे धरलं होतं. एक नजर टाकायची आणि ‘आहे, काका’ म्हणायचं, एवढंच होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. म्हटलं, “मला आता आठवत नाही.”

“बरं,” ते म्हणाले. आणि पत्र खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी मथळा मागितला नाही.

भांडारात ते अकरा दिवस होते. प्रत्येक ड्रमपाशी उभे राहून एका हाताचं बोट लेबलावर आणि दुसऱ्या हाताचं मांडीवर, अशी अक्षरं लावायचे. एकही चूक केली नाही, पण ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेली. हमाल ओरडायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायचे. अकराव्या दिवशी साहेब स्वतः उतरून आले. मी नमुने घ्यायला तिथं गेले होते. काकांची पाठ आमच्याकडे होती. एका ड्रमवरचा एक शब्द लावायला त्यांना किती वेळ लागतो, ते साहेब उभे राहून बघत होते. तोच शब्द, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. साहेबांचा चेहरा उतरला. पुढं होऊन ते म्हणाले, “काका, तमे साचुं कहेता हता?” तुम्ही खरं सांगत होतात?

काका वळले नाहीत. “थांबा साहेब. दोन अक्षरं राहिलीत.”

साहेबांनी त्यांना परत प्रयोगशाळेत बोलावलं, अगदी हात धरून बोलावलं. काका आले नाहीत. त्यांनी राजीनामा लिहिला, एका दमात, एकही खाडाखोड नाही. का, ते कोणाला सांगितलं नाही. अपमान म्हणून म्हणावं तर साहेबांशी शेवटपर्यंत हसून बोलत होते.

शेवटच्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. न्यायमंदिर यायच्या आत सांगायचंच, असं ठरवलं होतं. दशरथ गाव गेलं, छाणी गेली. शेवटी मी म्हटलं, “काका, ते वाक्य होतं.”

“कुठलं?”

“पत्रातलं. तिसऱ्या परिच्छेदातलं. मी गाळलं होतं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले.”

ते माझ्याकडे पूर्ण वळले. मी मान खाली घातली. आता बोलतील ते ऐकायचं, असं मनाशी म्हटलं.

“होतं?” ते म्हणाले. “नक्की होतं?”

“होतं.”

“म्हणजे मी बरोबर वाचलं होतं!” त्यांनी गुडघ्यावर अशी थाप मारली की पुढचा माणूस वळून बघायला लागला. “आख्खं पत्र बरोबर वाचलं मी! इंग्रजी!”

पुढं माझ्याबद्दल एक शब्द नाही. उतरताना दारातून ओरडून म्हणाले, “घरी येत जा.” मी रस्त्यावर उभी राहून रडले. त्यांनी मला माफ केलं, की त्यांच्या दृष्टीनं माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं, की रागाची आठवण वाचनाच्या आनंदात वाहून गेली? काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मला काय विचारतेस? मी तीस वर्षं बघतेय.”

मग माझं लग्न झालं, मी गोरव्याला राहायला गेले, नोकरी बदलली. जाणं-येणं कमी झालं. चार-पाच वर्षांनी काकूंचा फोन आला, पुन्हा झटका आलाय, या वेळी मोठा.

दुपारी भेटीच्या वेळी गेले. काका उशांना टेकून बसले होते. उजवा हात लुळा होऊन चादरीवर पडला होता. जीभ जड झाली होती, पण एकेक शब्द कळत होता. ज्या हातानं ते वाचायचे तो हातच गेला होता. मी काय बोलावं ते न सुचून त्यांच्या डाव्या बाजूला बसले. त्यांनी मला ओळखलं. मग नजरेनं समोरच्या भिंतीकडे खूण केली.

भिंतीवर गुजरातीत पाटी होती. शांति राखो, म्हणजे शांतता राखा. त्यांचा डावा हात हलला. बोट चादरीवर टेकलं. डाव्या हातानं, लहान मुलासारखी वेडीवाकडी वळणं, पण ते गिरवायला लागले होते. काकू म्हणाल्या, “आठ दिवस हेच चाललंय. डॉक्टर सांगतात, विश्रांती घ्या.”

मला शब्द समोर दिसत होता. सांगून टाकावा असं दहा वेळा वाटलं. मी गप्प बसले. परिचारिका येऊन ताप बघून गेली, शेजारच्या खाटेवरचा माणूस जेवला, त्याचा डबा धुऊन झाला. काकांचं बोट पुन्हा पुन्हा पहिल्या अक्षराकडे जात होतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेनं म्हणाले, “शांता.”

शांता हे काकूंचं नाव. काकू एकदम उठून खिडकीपाशी गेल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

“बरोबर?” काकांनी विचारलं.

त्यांचे डोळे माझ्यावर होते. ते खरंच चुकले होते, की बायकोसाठी मुद्दाम तसं वाचलं होतं, की मी काय म्हणते ते बघायचं होतं, मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. काकूंनासुद्धा तेच हवं असेल.

“नाही, काका,” मी म्हणाले. “सुरुवात बरोबर आहे. शेवट पुन्हा बघा.”

त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. बोट चादरीवर पुन्हा पहिल्या अक्षराला गेलं, आणि मी पर्स खाली ठेवून खुर्ची जरा पुढं ओढली.